हात कुणाचा ते कळलं. पण तो लागला कसा?

पांढऱ्या कागदावर एक कोयता ठेवलेला असतो. बाजारातून आणलेला, नवा, लाकडी मुठीचा. आदल्या दिवशी वर्गातल्या एकानं तो दहा मिनिटं हातात धरलेला असतो. कुणी, ते बाकीच्यांना सांगितलेलं नसतं. मुठीवर रक्त नाही, डाग नाही, बोटांचे ठसेही दिसत नाहीत. फॉरेन्सिक सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी हा सराव देते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इथं तर काहीच नाहीये. उचलायचं काय?"

जे उचलायचं, म्हणजे हात लागल्यावर मागे राहिलेला डीएनए, ते डोळ्यांना दिसत नाही, हीच या कामातली पहिली अडचण. रक्ताच्या डागावर नेमका स्वॅब, म्हणजे टोकाला बोळा असलेली काडी, टेकवता येतो. इथं हात कुठे पडला असेल याचा आधी विचार करावा लागतो. कोयता उगारताना तळव्याचा दाब मुठीच्या कुठल्या बाजूला येईल? अंगठा कुठे टेकेल? रिव्हेटच्या (मूठ पक्की करणाऱ्या खिळ्याच्या) कडेला, लाकडाच्या भेगेत, मुठीच्या खडबडीत टोकाला कातडी जास्त घासली जाते. नवखी मुलं अख्ख्या मुठीवरून एकच स्वॅब फिरवून मोकळी होतात. मग ज्यानं मूठ आवळली त्याचा डीएनए आणि ज्यानं दुकानात कोयता उचलून पाहिला त्याचा डीएनए, दोन्ही एकाच बोळ्यात येतात आणि पुढे ते वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

काम असं चालतं. आधी मास्क, कारण बोलताना थुंकीचे तुषार उडतात आणि थुंकीत पेशी भरपूर असतात. मग हातमोजे, त्यावर आणखी एक जोडी. वरची जोडी प्रत्येक वस्तूनंतर बदलायची. स्वॅबच्या बोळ्यावर निर्जंतुक पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे. बोळा ओलसर हवा, टपकणारा नको. तो थोडा दाबून, काडी बोटांत फिरवत फिरवत ठरलेल्या जागेवरून न्यायचा, म्हणजे बोळ्याची प्रत्येक बाजू कामी येते. त्याच जागेवरून लगेच दुसरा, कोरडा स्वॅब. पाण्यानं सुटलेल्या पण मुठीवरच राहिलेल्या पेशी हा दुसरा बोळा टिपून घेतो. ओला आणि मग कोरडा ही जोडी १९९७ साली कॅनडा आणि स्पेनमधल्या संशोधकांनी कातडीवरची लाळ टिपण्यासाठी मांडली होती. आज जगभर ती हाताळलेल्या वस्तूंसाठीही वापरतात. शेवटी तिसरा स्वॅब फक्त पाणी लावून, कशालाही न टेकवता तसाच बंद करायचा. हा कोरा नमुना. त्यात कुणाचा डीएनए निघाला तर समजायचं की पाण्यात, काडीत किंवा आपल्या हातून गडबड झाली आहे.

ज्या डीएनए तपासणीमुळे हे सगळं शक्य झालं, तिची सुरुवात १९८४ साली इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीस यांनी केली. तेव्हा बऱ्यापैकी मोठा, ताजा डाग लागायचा. वस्तूला नुसता हात लागला तरी त्यावरून माणूस ओळखता येतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रोलंड व्हॅन ऊर्सखॉट आणि मॅक्सवेल जोन्स यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं. गाडीच्या किल्ल्या, पेन, टेलिफोनचा रिसीव्हर, ब्रीफकेसची मूठ अशा रोजच्या वस्तू त्यांनी तपासल्या होत्या. त्या छोट्याशा लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती: एकाचा डीएनए दुसऱ्याच्या हातामार्फत वस्तूवर जाऊ शकतो. पहिल्या शोधानं पोलीस तपासाचा चेहरा बदलला. दुसऱ्या इशाऱ्याकडे बराच काळ म्हणावं तसं लक्ष गेलं नाही.

हात लावल्यावर मागे नेमकं राहतं तरी काय? कातडीच्या पेशी, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या झालेल्या पेशींचा असतो. खालच्या थरातून वर येता येता या पेशींचं केंद्रक विरघळून जातं, आणि आपल्याला हवा असलेला डीएनए केंद्रकातच असतो. म्हणजे तळहातावरून झडणाऱ्या बहुतेक पेशी आपल्या दृष्टीनं जवळजवळ पोकळ. तरीही डीएनए मिळतो, तो तीन वाटांनी. काही पेशींत केंद्रकाचे तुकडे शिल्लक असतात. घामात पेशीबाहेर आलेला, सुटा डीएनए असतो. आणि तिसरी वाट फार महत्त्वाची आहे: आपण दिवसभर डोळे चोळतो, नाक पुसतो, केस मागे सारतो, तोंडाला हात लावतो. तिथल्या केंद्रक असलेल्या पेशी बोटांना चिकटतात आणि बोटं त्या पुढे पोहोचवतात. म्हणून अमुक एका वस्तूवरचा डीएनए 'कातडीचाच' आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

कोण किती सोडतं यातही फरक असतो. काहींच्या हातून भरभरून डीएनए झडतो, काहींच्या हातून नावापुरता. एकाच माणसाचं प्रमाणसुद्धा दिवसभर सारखं राहत नाही. नुकताच हात धुतलेला माणूस कमी सोडतो, हात धुऊन बराच वेळ झालेला जास्त. म्हणून वस्तूवर कुणाचा डीएनए सापडला नाही म्हणजे त्यानं तिला हात लावलाच नाही, असं म्हणता येत नाही.

आता हे 'नावापुरतं' म्हणजे किती ते पाहू. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. हजार पिकोग्रॅम म्हणजे एक नॅनोग्रॅम. मिलिग्रॅमभर वजनाचा साखरेचा एक दाणा घेतला आणि त्याचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. इतका डीएनए मिळायला जेमतेम दीडशे पेशी लागतात, आणि नेहमीच्या तपासणीला अर्धा ते एक नॅनोग्रॅम हाती असला की काम नीट होतं. हाताळलेल्या वस्तूवरून अनेकदा याच्या दहाव्या हिश्शाइतकाही मिळत नाही. त्यातही प्रत्येक पायरीला गळती. थोडा मुठीवरच राहतो, थोडा बोळ्याच्या धाग्यांत अडकून बसतो, थोडा पेशी फोडून डीएनए धुऊन घेताना जातो.

उरलेला वाढवण्यासाठी पीसीआर. कोविडमुळे हा शब्द घराघरात पोहोचला आहे. डीएनएचे ठरावीक तुकडे तापवून उलगडायचे, विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं त्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा उलगडायचे, पुन्हा प्रती. प्रत्येक फेरीत दुप्पट. २८ फेऱ्या केल्या तर एका तुकड्याचे कागदोपत्री २६ कोटी ८४ लाख होतात. ज्या तुकड्यांच्या प्रती काढतात, त्यांची निवडही विचारपूर्वक केलेली असते. आपल्या डीएनएमध्ये काही जागी चार अक्षरांचा एकच शब्द लागोपाठ येतो, उदाहरणार्थ ए-ए-टी-जी, ए-ए-टी-जी, ए-ए-टी-जी. कुणात तो सहा वेळा येतो, कुणात नऊ वेळा. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एका जागेचे आकडे हजारो लोकांचे जुळतील. पण अशा वीस जागांचे आकडे घेतले तर एकसारख्या (एकाच बीजांडातून आलेल्या) जुळ्या भावंडांचा अपवाद वगळता ते दुसऱ्या कुणाशी पूर्ण जुळण्याची शक्यता नगण्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये २०१७ पासून अशा २० जागा पाहतात, त्याआधी १३ पाहत. यंत्रातून निघतो तो एक आलेख. प्रत्येक आकड्याच्या जागी एक शिखर.

हे सगळं डीएनए पुरेसा असताना. तो फारच कमी असला की काय होतं, ते धान्याच्या उदाहरणानं सांगते. पोत्यात ज्वारी आणि बाजरी निम्मी-निम्मी मिसळली आहे. ओंजळभर काढलं तर दोन्ही दिसणारच. पण चारच दाणे उचलले तर? चारही ज्वारीचे निघू शकतात, आणि पोत्यात बाजरी नाहीच असं आपण समजून बसू. मोजक्या पेशींतून आलेल्या डीएनएचं असंच होतं. आईकडचा आकडा दिसतो, वडिलांकडचा गळतो. किंवा हवेतून, हातमोज्यावरून आलेला एखादा परका तुकडा दुपटी-दुपटीनं वाढून खऱ्या शिखराएवढा दिसू लागतो. पीसीआरला खरा तुकडा आणि परका तुकडा यांतला फरक कळत नाही. जे हाती लागेल ते ती वाढवते.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून पीसीआरच्या फेऱ्या २८ वरून ३४ पर्यंत नेऊन अत्यल्प डीएनए वाचण्याची पद्धत सुरू झाली. सहाच फेऱ्या जास्त, पण एका तुकड्याचे आता जवळपास १७१८ कोटी. तिच्या मदतीनं काही जुने गुन्हे उलगडलेही. मग उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावच्या बॉम्बस्फोटाचा खटला आला. १५ ऑगस्ट १९९८ च्या त्या स्फोटात २९ माणसं गेली होती. टायमरच्या भागांवर मिळालेल्या अत्यल्प डीएनएवर खटल्याची मोठी मदार होती. डिसेंबर २००७ मध्ये न्यायाधीशांनी आरोपीला निर्दोष सोडलं. वस्तू गोळा करताना आणि साठवताना परका डीएनए लागू नये याची काळजी घेतली गेली नव्हती, आणि या पद्धतीची पुरेशी पडताळणी झाली आहे का, यावरही त्यांनी बोट ठेवलं. सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी पद्धत शास्त्रीयदृष्ट्या टिकणारी आहे असं म्हटलं, पण गोळा करण्याच्या आणि निकाल मांडण्याच्या रीतीत सुधारणा सुचवल्या. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती वेळेची तफावत. वस्तू गोळा झाल्या तेव्हा त्यांवरून इतका सूक्ष्म डीएनए कधी काळी काढला जाईल, हे गोळा करणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. आपण आज मुद्देमाल हाताळतो तोही उद्याच्या, आणखी संवेदनशील यंत्रांसमोर जाणार आहे.

मिश्रण ही वेगळीच डोकेदुखी. एसटीत उभ्यानं जाताना धरायची दांडी आठवा. तिच्यावर दिवसभरात किती हात पडतात! तसा नमुना आला की आलेखावर शिखरांची गर्दी होते आणि कुठलं शिखर कुणाचं ते डोळ्यांनी सांगणं अशक्य होतं. आता त्यासाठी संगणक प्रणाली आहेत. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'एसटीआरमिक्स' ही त्यातली एक. त्या सरळ 'जुळतो' किंवा 'जुळत नाही' असं म्हणत नाहीत. हा माणूस मिश्रणात असेल तर असा आलेख मिळण्याची शक्यता, तो नसेल तेव्हाच्या शक्यतेच्या किती पट, असं गुणोत्तर देतात. कोर्टात मात्र या वाक्याचं बघता बघता 'तो दोषी असण्याची शक्यता इतकी पट' असं रूपांतर होतं. ही चूक गंभीर आहे. डीएनए मुठीवर आहे की नाही, एवढ्यापुरतंच ते गुणोत्तर बोलतं.

कुठल्या वस्तूवरून काय मिळेल, याचे काही आडाखे आहेत. कापड आणि खडबडीत लाकूड पेशी धरून ठेवतात. काच आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर कमी राहतात, पण असतात त्या सहज सुटतात. शर्टाची कॉलर, बाहीची कड, हेल्मेटचा पट्टा, टोपीच्या आतली पट्टी या घसटीच्या जागा चांगल्या. तिथं स्वॅबपेक्षा चिकटपट्टीचा तुकडा पुन्हा पुन्हा दाबून पेशी उचलणं बरं पडतं. पण कॉलरवर मिळतो तो बहुतेक वेळा शर्ट घालणाऱ्याचाच डीएनए. ओढलेल्या मंगळसूत्राचा बाईच्या हाती राहिलेला तुकडा घ्या. तो वर्षानुवर्षं तिच्या गळ्यात, तिच्या घामात भिजलेला. चोराची बोटं त्याला क्षणभर लागलेली. तिच्या डीएनएच्या पुरात चोराचा थेंब शोधायचा. आणि सगळ्यात हट्टी वस्तू म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी. गोळी भरताना बोटं लागतात खरी, पण पितळातल्या तांब्यामुळे डीएनए तुटतो आणि पीसीआरही अडते. त्यात गोळी झाडतानाची उष्णता. म्हणून पुंगळ्या काही ठिकाणी पुसण्याऐवजी तांब्याला बांधून ठेवणाऱ्या द्रावणात भिजवतात. उघड्यावरच्या वस्तूंना ऊन आणि पाऊस दोन्ही मारक.

जर्मनीत घडलेली एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. १९९३ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या साधारण चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच बाईचा डीएनए सापडत होता. खून, घरफोड्या, वाहनचोऱ्या, कशाचा कशाला मेळ नाही. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस महिलेचा खून झाला, तिथंही तीच. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवण्यासाठी त्याच्या जुन्या अर्जावरचे बोटांचे ठसे तपासले, तर त्यावर पुन्हा त्या बाईचा डीएनए! तेव्हा कुठे शंका आली. ती बाई गुन्हेगार नव्हती. स्वॅबच्या काड्या जिथं पॅक व्हायच्या तिथली ती कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या, यात खोटं काही नव्हतं. पण निर्जंतुक म्हणजे जिवंत जंतू नसलेलं. मेलेल्या पेशींतला डीएनए वाफेनं आणि किरणांनी पूर्ण नष्ट होत नाही. पुढे २०१६ मध्ये 'आयएसओ १८३८५' हे मानक आलं, ते खास डीएनए तपासात वापरायच्या साहित्यासाठी.

आमच्या सरावातही एकदा असं झालं. मुठीवर तिघांचा डीएनए निघाला. एक कोयता धरणाऱ्या विद्यार्थ्याचा, एक अनोळखी, बहुधा विक्रेत्याचा. तिसरा माझा. मुठीला मी बोटही लावलेलं नव्हतं. टेबलावरचा पांढरा कागद मात्र मीच अंथरला होता, हातमोजे घालायच्या आधी. तेव्हापासून तपासणाऱ्या सगळ्यांचे नमुने आम्ही आधीच घेऊन ठेवतो, म्हणजे नंतर ते वगळता येतात. चांगल्या प्रयोगशाळा हे नेमानं करतात.

माझ्या बाबतीत तो वर्गातला सराव होता. कॅलिफोर्नियातल्या एका बेघर माणसावर २०१२ मध्ये असाच भलतीकडे पोहोचलेल्या डीएनएमुळे खुनाचा आरोप आला. भारतीय वंशाच्या एका श्रीमंत गृहस्थाच्या घरी दरोडा पडला, त्यात त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या नखांवर या माणसाचा डीएनए मिळाला. त्याला अटक झाली. तो तब्बल पाच महिने तुरुंगात होता. मग वकिलांनी कागद काढले: त्या रात्री तो दारूच्या नशेत बेशुद्ध होता आणि रुग्णालयात भरती होता. त्याला रुग्णालयात नेणारे दोन वैद्यकीय कर्मचारीच काही तासांनी दरोड्याच्या ठिकाणी गेले होते. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र आधी याच्या बोटाला आणि नंतर मृताच्या बोटाला लागलं असावं, असा अंदाज निघाला. प्रयोगशाळेनं काहीही चुकवलं नव्हतं. डीएनए खरोखर त्याचाच होता.

म्हणून मुलांना मी दोन प्रश्न वेगवेगळे लिहायला लावते. हा डीएनए कुणाचा? आणि तो इथं काय करताना आला? पहिल्याचं उत्तर यंत्र देतं, दुसऱ्याचं देत नाही. त्यासाठी डीएनए किती होता, मुठीच्या कुठल्या भागावर होता, त्या माणसाचं त्या घरी येणं-जाणं होतं का, दोघांनी आधी हस्तांदोलन केलं होतं का, हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना दोन मिनिटं हातात हात धरायला लावून मग सुरी हाताळायला दिली. सुरीला स्पर्शही न केलेल्या जोडीदाराचा डीएनए बहुतेक सुऱ्यांवर सापडला, काहींवर तर तोच ठळक होता. दोन मिनिटांचं हस्तांदोलन कुणी करत नाही हे खरं, पण वाट उघडी आहे एवढं त्यातून कळलं.

आपल्याकडे हा विषय आता तातडीचा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ते पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी येणाऱ्या नमुन्यांचा ओघ वाढत जाणार. पण प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्या दारात पाकीट येईपर्यंत जे बिघडलं ते तिला दुरुस्त करता येत नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या छावला बलात्कार-खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तिन्ही आरोपींना सोडलं. नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून राहिले, त्यामुळे त्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, हे त्यातलं एक कारण होतं. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्याचा निकाल देताना याच न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले: डीएनएचे नमुने घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि ते कुणाच्या ताब्यातून कुणाकडे गेले याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवली पाहिजे. उशीर झालाच तर कारण लिहायचं आहे.

या निर्देशांचा मला मनापासून आनंद झाला. पण ४८ तासांच्याही आधीचा एक तास असतो, आणि तो बहुधा आपल्या हातात असतो. चोरी झाल्यावर कपाटाचं दार लोटून बघणारे घरचे, जखमीला उचलणारे शेजारी, गर्दी हटवणारे पोलीस पाटील, हे सगळे पंचनाम्याच्या आधी पोहोचतात. जखमीला मदत पहिली, त्यात दुमत नाही. बाकी काही उचलू नका, पुसू नका, वस्तूवर झुकून बोलू नका. कशाला हात लागलाच असेल तर तो लपवू नका. तपासी अंमलदाराला सांगा, म्हणजे तुमचा नमुना घेऊन तो वगळता येईल. आणि पावसाळ्यात पाहण्यात येणारी एक गोष्ट: भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारलेली. आत ओल कोंडते, बुरशी आणि जंतू वाढतात आणि दोन-चार दिवसांत डीएनएचा चुरा होतो. तो कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर, दुसऱ्या कशाला न लागता वाळवायचा आणि मग कागदी पाकिटात बंद करायचा. पाकीट साधं खाकी चालतं.